चपलेचा प्रश्न

“शिकलेली पोरगी दारात आल्यावर तिला काय सांगायचं? पोरी शिकवू नका म्हणून? उन्हातनं आल्ती बिचारी. वाईट वाटलं असतं की तिला.”

हे मी पेठ वडगावातल्या एका घराच्या पायरीवर, चपलेचा पट्टा लावता लावता ऐकलं. बोलणारी बाई आत चुलीपाशी होती. नुकताच तिनं मला चहा पाजला होता, बशीत चार बिस्किटं ठेवली होती, आणि मुलींना किती शिकवावं या माझ्या प्रश्नाला हसून म्हणाली होती, “पायजे तेवढं शिकवावं की.” आता ती शेजारणीशी बोलत होती. मी गेले असं दोघींना वाटलं होतं.

शेजारीण म्हणाली, “आन तुझी?”

“माझीचं काय. धावी झाली की बघायचं एखादं स्थळ.”

पट्टा लागला होता, तरी मी वाकूनच राहिले. समोर दोरीवर शाळेचा निळा स्कर्ट वाळत होता. त्याची शिवण एकदा उसवून खाली सोडलेली दिसत होती. मूल भराभर उंच होत असावं.

चपलेचा पट्टा सावकाश लावायचा, हे मला आक्कांनी शिकवलं होतं.

आक्का म्हणजे आमच्या मालकीण. गुजरीजवळच्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. दोन खोल्या, एक टाइपरायटर, एक सायक्लोस्टाइलचं यंत्र आणि खालून दिवसभर येणारा पितळेवर हातोडी पडल्याचा आवाज. लोकांच्या घरी जायचं, त्यांची मतं विचारायची, आणि ती मोजून ज्यांना हवी असतील त्यांना द्यायची, असा त्यांचा व्यवसाय. सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी कोल्हापुरात असा व्यवसाय कुणी बाई करते, हे सांगून लोकांना पटत नसे. दाराबाहेर ‘पाहणी कार्यालय’ अशी पाटी होती. ती वाचून शेतकरी बांधाच्या भांडणाची कागदपत्रं घेऊन जिना चढत. आक्का त्यांना परत पाठवत नसत. “बांधाचं मोजणी खात्यात बघा, पावणं. आता आलाच हाय तर बसा,” असं म्हणून त्यांना चहा द्यायच्या, आणि त्या महिन्यात जी पाहणी चालू असेल तिचे प्रश्न विचारून घ्यायच्या. रेडिओवर शेतीच्या बातम्या कोण ऐकतं, एसटीच्या नव्या वेळा सोयीच्या आहेत का, काहीही. बांधावरून तावातावात आलेला माणूस एसटीबद्दल फार मोकळेपणानं बोलतो, असं त्यांचं मत होतं.

आक्का पन्नाशीच्या होत्या. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, त्यामुळे रागावल्या की मधेच कानडी यायचं. उन्हाळा असो, हिवाळा असो, काखेत पुरुषी छत्री. ती त्या कधी उघडत नसत, कुत्र्यांसाठी होती. घड्याळ उजव्या हाताला, तबकडी तळव्याच्या बाजूला. विचारलं तर म्हणायच्या, “समोरच्याला घड्याळ दिसलं की त्यो घाईत उत्तर देतो.” टेलिफोनवर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. मुंबईहून ट्रंककॉल आला की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन खाली ठेवायच्या. “तोंड दिसत न्हाई, मग खरं काय आन खोटं काय,” म्हणायच्या. मग मी आमच्या ऑफिसतर्फे इंग्रजीत दिलगिरीचं पत्र लिहायची. माझं निम्मं काम तेच होतं.

मला ही नोकरी इंग्रजीमुळेच मिळाली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. घरी बाबा बँकेत अधिकारी, जेवणाच्या टेबलावरसुद्धा बोलणं इंग्रजीत. मराठीत बोलायचं झालं तर मी आधी मनात वाक्य मांडून बघायची, आणि ते नीट होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. तेव्हा बहुतेक वेळा मी हसायची, किंवा ‘चालेल’ म्हणायची.

मुलाखतीला गेले तेव्हा आक्का चिंचोके निवडत बसल्या होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, “घरोघर हिंडायचं काम हाय. जमंल?”

“जमेल,” मी म्हणाले.

आणखी काही त्यांनी विचारलं नाही. चहा झाला. मी निरोप घेतला, दाराशी येऊन चप्पल घालू लागले, तशा त्या मागून येऊन चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. “खरं सांग बघू. जमंल?”

एक पाय चपलेत, एक बाहेर. मी म्हणाले, “माहीत नाही.”

“उद्यापासनं ये.”

हाच तो चपलेचा प्रश्न. आक्कांच्या सगळ्या धंद्याचं मूळ त्यात होतं. त्या आधी आरोग्य खात्यात होत्या, कुटुंब नियोजनाच्या प्रचारात. गावोगाव जाऊन गोळ्या वाटायच्या. बायका मान डोलवायच्या, “घेते की,” म्हणायच्या, आणि आक्कांची पाठ फिरली की गोळ्या चुलीत जायच्या. असं किती वर्षं चाललं कोण जाणे. मग एकदा पावसात छत्री विसरली म्हणून त्या एका घरी परत गेल्या, आणि चप्पल न काढता दारातूनच सहज म्हणाल्या, “गोळ्या खातीस न्हवं?” ती बाई म्हणाली, “न्हाई वो आक्का. सासू बघती.”

तेव्हापासून त्यांचा सिद्धान्त ठरला. आतमध्ये बसल्यावर माणूस पावण्याशी बोलतो. पावण्याला दुखवायचं नसतं, उपाशी पाठवायचं नसतं, आणि त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं नसतं. पावणा चपला घालायला लागला की घरचा माणूस सुटतो. तेव्हा तो जे बोलतो ते मोजायचं. आमच्या प्रत्येक पाहणीत मुख्य प्रश्न दोनदा असायचा, एकदा चहाबरोबर आणि एकदा चपलेबरोबर. पहिलं उत्तर लिहून घ्यायचं, दुसरं मोजायचं. चपला काढतानाच त्या बाहेर तोंड करून ठेवायच्या, म्हणजे घरच्यांना आपण लवकर जाणार असा दिलासा मिळतो, हीसुद्धा आक्कांचीच शिकवण. मी अजूनही कुणाकडे गेले की तशाच ठेवते.

प्रश्न तयार झाला की आक्का तो सकाळी दूध कट्ट्यावर घेऊन जात. तिथे म्हशी उभ्या, समोर धार काढून पेले भरले जातायत, माणसं ओठावरचा फेस पुसतायत, आणि आक्का छत्री टेकून एकेकाला प्रश्न विचारतायत. ज्याला तो दुसऱ्यांदा सांगावा लागे तो प्रश्न रद्द. एकदा मुंबईच्या कंपनीनं मोठ्या थाटात पाठवलेला प्रश्न ऐकून एक पैलवान म्हणाला, “आक्का, ह्याचं उत्तर दिलं तर मला काय शिक्षा व्हती काय?” तो प्रश्न तिथंच संपला, आणि मला आणखी एक दिलगिरीचं पत्र लिहावं लागलं.

उत्तरं मोजायचं काम हमीदभाई करत. ते आधी छापखान्यात खिळे जुळवायचे. अक्षरांइतकेच आकडेही त्यांच्या हातात सरळ बसत. पण त्यांचा तक्ता तयार झाला तरी आक्कांना तो पुरत नसे. त्या दोन पितळी वाट्या घेऊन बसायच्या. होकाराला अख्खा चिंचोका, नकाराला फोडलेला. “आकडा हाताला लागला पायजे,” म्हणायच्या. हमीदभाई मला हळूच म्हणायचे, “बेटा, मी वीस कॉलमचा तक्ता करतो आणि या बाई चिंचोके खेळतात.” पण वाट्या भरेपर्यंत तेही तक्ता पुढे पाठवत नसत.

आणि त्यांना ‘चालेल’ चालत नसे. कुणी म्हटलं की हातातलं काम थांबवून विचारत, “कुठवर चालंल?” पंख्याखाली बसतेस का, चालेल. उद्या शाहूवाडीला जातेस का, चालेल. “कुठवर चालंल ते सांग की. बसस्टँडपतूर का मलकापूरपतूर?” सगळे हसायचे. मीही हसायची. पहिले सहा महिने मला त्याचा रागच येत होता. मग मी पंखा हवा की नको ते सांगू लागले. लहान गोष्ट आहे, पण घरी कुणी मला तेही विचारत नव्हतं.

मुलींच्या शिक्षणाची पाहणी आमची त्या वर्षातली सगळ्यात मोठी. त्यासाठी आक्कांनी माझ्यासारख्या कॉलेज झालेल्या मुली निवडल्या होत्या. पुरुष पाठवला तर घरातल्या बायका पुढे येत नाहीत, आणि आम्ही गेलो की थेट स्वयंपाकघरात पाट मांडला जायचा. उत्तरं अशी आली की आम्हालाच नवल वाटलं. शेतकऱ्याचं घर असो, दुकानदाराचं असो, बागवानाचं असो, जवळजवळ सगळे म्हणत होते, मुलींना हवं तेवढं शिकवावं. चहाबरोबर तेच आणि चपलेबरोबरही तेच. अख्ख्या चिंचोक्यांची वाटी भरून पाटावर सांडली. फोडलेल्यांची वाटी तळाला दिसत होती.

आक्का बराच वेळ त्या दोन वाट्यांकडे बघत राहिल्या. त्यांचं एक नेहमीचं वाक्य होतं, “गोड उत्तराला मुंग्या लागत्यात, बघून उचलायचं.” त्या दिवशी त्यांनी ते म्हटलं नाही. म्हणाल्या, “चपलेला पण तेच सांगितलं म्हणजे खरं असंल.” आणि सांडलेले चिंचोके एकेक उचलून वाटीत टाकत राहिल्या.

त्याच सुमारास ते बोलावणं आलं. जनमत संशोधनाची एक परिषद कोल्हापुरात भरणार होती. दिल्ली, मुंबई, पुण्याची माणसं येणार होती. आमच्या ऑफिसनं आपल्या कामाच्या पद्धतीवर निबंध वाचावा, असं त्यात लिहिलं होतं. आक्कांनी ते पत्र माझ्याकडून आधी इंग्रजीत वाचून घेतलं, मग मराठीत, मग पुन्हा इंग्रजीत. “काय म्हणत्यात? आमच्या पद्धतीवर?” “हो.” “पद्धतीवर म्हणजे चपलेवर?” “हो, आक्का.” त्या उठून खिडकीशी गेल्या आणि खाली भांडीवाल्याला उगीच ओरडल्या, “जरा हळू ठोक की रं.” आनंद झाला की त्या कुणाला तरी रागवायच्या.

मग वळून मला म्हणाल्या, “विंग्रजी पोरी, तू वाचायचंस.”

माझ्या तोंडून सवयीनं गेलं, “चालेल.”

कुठवर चालंल, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या तोंडून तो प्रश्न राहून गेल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यांना ही परिषद किती हवी आहे ते मला तेव्हा कळलं.

निबंध मी लिहिला. चपलेच्या प्रश्नाची हकीकत, आणि पुरावा म्हणून मुलींच्या शिक्षणाची पाहणी: दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, म्हणजे ते पाहुण्यासाठी दिलेलं नाही, मनातलं आहे. ऑफिसात रोज संध्याकाळी तालीम व्हायची. मी उभी राहून वाचायची आणि हमीदभाई शेजारच्या टेबलावर कानामागे हात धरून बसायचे. आक्का म्हणायच्या, “आवाज कागदाच्या भाईर येत न्हाई.” मी मोठ्यानं वाचायचा प्रयत्न करायची. आवाज तेवढाच राहायचा, फक्त थरथरायचा जास्त.

कुठलाही निकाल ऑफिसच्या बाहेर जाण्याआधी काही घरी पुन्हा जाऊन यायचं, असा आक्कांचा दंडक होता. म्हणून परिषदेच्या दोन दिवस आधी मी पेठ वडगावला गेले, आणि त्या पायरीवर ते ऐकलं.

परतताना एसटीत मी खिडकीशी बसून त्या वाक्याचं इंग्रजी करत होते. ते कुठेच बसत नव्हतं. त्या बाईनं मला फसवलं नव्हतं. तिनं माझा घामेजलेला चेहरा पाहिला, हातातलं पेन पाहिलं, आणि माझ्या तोंडावर माझं आयुष्य वाया गेलं असं म्हणायचं टाळलं. चहा दिला तसंच उत्तर दिलं. मी चपला घातल्या म्हणून माझं शिक्षण काही मी तिच्या घरी काढून ठेवलं नव्हतं. चपलेचा प्रश्न विचारतानाही दारात मीच उभी होते. आणि असं जर एका घरात झालं असेल, तर आम्ही सगळ्या मुली जिथे जिथे गेलो तिथे काय झालं असेल?

ऑफिसात पोचले तेव्हा आक्का परिषदेसाठी नेसायची साडी खुर्चीवर पसरून बघत होत्या. हिरवी, बारीक काठाची. आजवर मी त्यांना नवी साडी घेताना पाहिलं नव्हतं.

“वडगाव ठीक हाय न्हवं?”

मी वाक्य मनात मांडलं होतं. सगळं मांडलं होतं. त्या साडीवरून हात फिरवत होत्या.

“हो,” मी म्हणाले.

त्या दोन रात्री मला झोप लागली नाही. तो निबंध वाचला तर खोटं वाचल्यासारखं होणार होतं, आणि सांगितलं तर आक्कांनी आयुष्यभर जपलेली एकच गोष्ट, तीही बाहेरगावच्या माणसांसमोर मांडायच्या आदल्या दिवशी, माझ्या हातून मोडणार होती. आईनं विचारलं, “बरं नाही का?” मी म्हटलं, “बरी आहे.” हेही तसलंच उत्तर.

खूप वर्षांनी मी नृसिंहवाडीला गेले होते. आक्का तेव्हा धंदा बंद करून तिथे भाचीकडे राहत होत्या. घाटाच्या पायऱ्यांवर त्यांच्याबरोबर बसले. त्यांनी विचारलं, “बरी हायस?” मी म्हटलं, “बरी आहे, आक्का.” मग आम्ही पेढे घेतले, नदीकडे बघत इकडचं तिकडचं बोललो. निघताना मी चप्पल घालू लागले तर त्या छत्रीवर भार देऊन उठल्या, माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आता सांग.” त्या वेळी मी जे सांगितलं ते माझं खासगी आहे. पण ते सांगून एसटीत बसले तेव्हा मला जे हलकं वाटलं, ते त्याआधी एकदाच वाटलं होतं, परिषदेच्या दिवशी.

परिषद एका मंगल कार्यालयात होती. मोठ्या सभागृहाची दुरुस्ती निघाली होती म्हणे. व्यासपीठावर वधूवरांच्या दोन लाल खुर्च्या कोपऱ्यात सरकवून ठेवल्या होत्या. मागे परिषदेच्या नावाचा इंग्रजी फलक लावला होता, पण त्याच्या कडेनं आदल्या लग्नातलं ‘शुभ’ डोकावत होतं. खाली सतरंज्या पसरलेल्या होत्या, म्हणून दाराशी सगळ्यांच्या चपला-बूट निघाले होते. मुंबईचे प्राध्यापक मोज्यांवर वावरत होते. आक्कांनी आपल्या चपला बाहेर तोंड करून ठेवल्या, आणि आणखी चार जणांच्या जाता जाता छत्रीनं तशाच फिरवल्या.

सकाळभर निबंध झाले. अध्यक्ष दिल्लीचे एक वयस्कर गृहस्थ होते, सौम्य, प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकणारे. आमचा निबंध मधल्या चहानंतर होता. चहाला सगळे मागच्या मांडवात गेले. बटाटेवडे होते. आक्कांनी वड्याला हात लावला नाही. मीही लावला नाही. हमीदभाई दोन बशा घेऊन आमच्यामागे उभे होते.

आक्का बाहेर निघाल्या. पायरीवर बसून त्यांनी एक चप्पल पायात घातली, दुसरी हातात धरली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “परवाधरनं वडगाव तुझ्या घशात अडकलंय. आता सांग.”

मी सांगितलं. मनात मांडलेलं काही आलं नाही. त्या बाईचं वाक्य तिच्याच बोलीत, जसंच्या तसं तोंडून बाहेर पडलं: शिकलेली पोरगी, उन्हातनं आल्ती, वाईट वाटलं असतं की. धावी झाली की स्थळ, हेही सांगितलं. दोरीवरचा स्कर्टसुद्धा सांगितला.

 आक्कांनी हातातल्या चपलेचा अंगठा दोनदा ओढून पाहिला. मला वाटलं, आता त्या रडणार. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि मला पाहायचंही नव्हतं.

हमीदभाई वाकून म्हणाले, “आक्का, निबंध मागं घेऊया का? अध्यक्षांना सांगतो, पोरीला ताप भरलाय. ताप आल्यासारखीच दिसतीय ती.”

“गप बसा वो.”

मग त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, चप्पल मांडीवर ठेवून. “चपलेनं फसवलं की मला,” त्या म्हणाल्या. “मीच पाठवल्या शिकलेल्या पोरी. घरात घेत्यात म्हणून. आन घरात घेतल्यावर लोकं त्यांचं मन राखणार न्हाईत व्हय? पोरगी चपला घालू दे न्हाईतर विमानात बसू दे. शिकलेली ती शिकलेलीच दिसणार.” त्यांनी डोळे पुसले. “अगं, त्या वाट्या बघितल्यापासनं माझ्या पोटात अन्न ठरत न्हवतं. एवढं गोड उत्तर ह्या जिल्ह्यानं मला कधी दिलं न्हाई. म्हटलं, मी म्हातारी झाले का लोकं सुधारली.”

“तुम्हाला वाटत होतं?” मी विचारलं.

“वाटत व्हतं. पण विचारू कुणाला? परिषद पायजे व्हती मला.” त्यांनी मांडीवरची चप्पल पायात घातली. “तू परवा हो म्हणालीस तवाच वळखलं. तुझं हो म्हंजे चहाचं उत्तर.”

मग त्यांनी हमीदभाईंच्या हातातली बशी घेतली आणि सबंध वडा दोन घासांत खाल्ला. मग दुसऱ्या बशीतलाही. तो माझा होता, पण त्यांना खाताना बघून माझ्याच छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

“मग आता वाचायचं काय?” हमीदभाईंनी विचारलं.

“वाचायचं न्हाई. सांगायचं. चप्पल कुठं कामाला येती आन कुठं न्हाई, ते. आत्ता कुठं आपल्याजवळ सांगण्यासारखं काय तरी आलंय.” त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. माझी इस्त्रीची साडी, घड्याळ, पेन, खांद्यावरची पर्स. “आन हिनं नुसतं उभं ऱ्हायलं तरी निम्मा निबंध झाला. उत्तर कशापायी गोड आलं ते लोकांना समोर दिसंल की.”

“मला मराठीत बोलावं लागेल,” मी म्हणाले. “ते इंग्रजीत येत नाही.”

“मग मराठीत बोल. दिल्लीवाल्याला हमीदभाई सांगतील हिंदीत.”

हमीदभाईंनी बशा खाली ठेवल्या, टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांना हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या पाहण्यांत आक्कांनी आमच्याबरोबर गल्लीतली एखादी नऊवारीतली, निरक्षर बाई पाठवायला सुरुवात केली. एक घर मी विचारायचं, पुढचं तिनं. उत्तर ती लक्षात ठेवून बाहेर येऊन सांगायची, मी लिहायची. दोन्ही वाट्यांत चिंचोके पडू लागले. काही उत्तरं ऐकून वाईट वाटायचं, पण वाट्या बघून आक्का निवांत जेवायच्या. वडगावच्या त्या घरी मी त्यानंतरही गेले होते, कामाशिवाय, आणि चहा पीत बसून त्या मुलीशी बराच वेळ बोलले. पुढे तिचं काय झालं ते मला कळलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी चहा संपल्याची घंटा झाली, लोक आत आले, सतरंजीवर बसले. अध्यक्षांनी आमच्या ऑफिसचं नाव पुकारलं. मी निबंधाचे कागद घेऊन व्यासपीठावर गेले, आणि ते टेबलावर पालथे ठेवले. हमीदभाई माझ्या शेजारी, जरा मागे, लग्नातल्या मामासारखे उभे. पहिल्या रांगेत हिरवी साडी, काखेत छत्री. कुणीतरी खोकलं. मी वाक्य मनात मांडायला घेतलं आणि ते अर्धवटच सोडून दिलं.

“मुलींना हवं तेवढं शिकवावं, असं आम्हाला जवळजवळ प्रत्येक घरात सांगितलं गेलं,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मागच्या दारापाशी, चपलांपर्यंत गेलेला मला ऐकू आला. “पण मी उन्हातून आले होते. मला वाईट वाटू नये म्हणून दिलेली ती उत्तरं आहेत.”